‘आवाज आला’ याऐवजी काय लिहावं?

प्रश्न थोडक्यात असा: गोष्ट किंवा संवाद लिहिताना दार, पाणी, पावलं, भांडी, यंत्रं यांचे रोजचे आवाज मराठीत कसे उतरवायचे? दर वेळी ‘आवाज आला’ एवढंच सुचतं, आणि ‘खडखड’, ‘धडधड’ लिहिलं तर बालिश वाटतं. अशा शब्दांची एखादी चांगली यादी मिळेल का?

यादी आहे, आणि आपण सगळ्यांनी ती शाळेत घोकलेली आहे. विजांचा कडकडाट, ढगांचा गडगडाट, पानांची सळसळ, पक्ष्यांचा किलबिलाट, नाण्यांचा छनछनाट. माझ्या मते अर्धा घोटाळा या यादीनेच केला आहे. ती प्रत्येक वस्तूला एकेक आवाज वाटून देते. मग लिहिताना वस्तू आली की ठरलेला आवाज आपोआप येऊन चिकटतो. पान सळसळतं हे खरं. पण वाळकं पान पायाखाली आलं की चुरचुरतं, केळीचं मोठं पान वाऱ्यात फडफडतं आणि गळून पडलेलं पान फरशीवरून वाऱ्याने सरकलं की खरखरतं. पान तेच, पण प्रत्येक वेळी त्याच्याबाबतीत घडतंय काहीतरी वेगळं, आणि शब्द त्या घडण्याला द्यायचा असतो.

मी श्रुतिका लिहिते, आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पडद्यावर कंसात आवाजांची वर्णनं द्यायचं कामही करते. या दुसऱ्या कामात जागा दोन-तीन शब्दांचीच मिळते. तिथे ‘दाराचा आवाज’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. दार हळूच लावलं, की कुणी रागाने आपटलं, की वाऱ्याने हललं, हे ज्याला ऐकू येत नाही त्याला त्या दोन शब्दांतूनच कळायला हवं. तेव्हा यादी देण्यापेक्षा मी शब्द कसा निवडते ते सांगते. मी स्वतःला तीन गोष्टी विचारते: आवाज तिथल्या तिथे संपला की घुमत राहिला? लहान-मोठा किती? आणि किती वेळा झाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मराठी शेवटच्या व्यंजनातून देते. लाकडी टेबलावर टिचकी मारा आणि मग स्टीलच्या ताटलीवर मारा. लाकूड स्वतःतली थरथर लगेच गिळून टाकतं, धातूत ती टिकते. म्हणून लाकूड खट् वाजतं, टक् वाजतं. धातू खण् वाजतो, ठण् वाजतो. ट्, क्, प् म्हणताना हवेची वाट बंद होते आणि आवाज तिथेच तुटतो. ण्, न्, म् म्हणताना हवा नाकातून चालू राहते, हवा तितका वेळ ते लांबवता येतात. म्हणजे तोंडात जे घडतं तेच त्या वस्तूत घडलेलं असतं.

याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण म्हणजे ‘बद्द’. धड मडक्यावर टिचकी मारली की ते खणखणीत वाजतं. तडा गेलेलं असेल तर बद्द वाजतं. तडा मडक्यातली थरथर मध्येच तोडतो, म्हणून नाद उठतच नाही. नाण्याचंही तसंच. चांगलं नाणं खणखणीत, खोटं नाणं बद्द. माणसाला ‘खणखणीत नाणं’ म्हणतो तेव्हा आपण ही परीक्षा त्याच्यावर चालवत असतो.

ट् आणि ड् यांतला फरक तर रोज उपयोगी पडतो आणि फार थोडे जण तो जाणून वापरतात. खिडकी नीट बसली की ‘खट्’ होतं. सैल असली तर वाऱ्याने ती ‘खडखडते’. शेवटी ट् असला की दोन घट्ट वस्तू एकदाच भिडल्या. ड असला की काहीतरी ढिलं आहे आणि ते पुन्हा पुन्हा आदळतंय. खडखड, धडधड, फडफड, कडकड, तडतड: सगळीकडे ही सैल, सुटी हालचाल दिसेल. डब्यातले दोन दाणे, जुन्या गाडीचं दार, दोरीवरचा कपडा, तेलात उडणारी मोहरी, सगळे ड च्या घरातले.

र आला की घासणं, फिरणं किंवा फाटणं आलं: खरखर, घरघर, करकर, टर्र. र म्हणताना जीभही बारीक धक्के देत असते, म्हणून तो चांगला जमतो. शेवटी स् किंवा श् असला की कुठूनतरी हवा सुटते: फुस्स, भस्स, हुश्श.

आणि ळ म्हणजे मराठीचं खास भांडवल. खळखळ, झुळझुळ, घळघळ, भळभळ. यातला प्रत्येक शब्द वाहण्याचा आहे आणि प्रत्येकाचं वाहणं निराळं आहे. दगडगोट्यांवरून जाणारं पाणी खळखळतं. सपाट वाटेने जाणारी बारीक धार झुळझुळते. डोळ्यांतून पाणी घळघळा येतं. जखमेतून रक्त भळभळतं. ‘नदी भळभळत होती’ असं लिहून बघा, लगेच अंगावर येतं. हिंदीत या जागी कलकल, छलछल असे ल चे शब्द आहेत. हिंदीतून भाषांतर झालेल्या संहितांमध्ये नद्या ‘कलकल’ वाहताना मला सारख्या भेटतात, आणि पानांची ‘सरसराहट’ही भेटते. आपल्याकडे सळसळ आहे. तसंच ‘गडगडाहट’, ‘फडफडाहट’ नको. गडगडाट आणि फडफडाट पुरेसे आहेत.

दुसरा प्रश्न लहान-मोठेपणाचा. इथे स्वर काम करतो. किणकिण, खणखण, घणघण हे एका दमात म्हणून पाहा. काचेच्या बांगड्या किणकिणतात, तलवारी खणखणतात, मोठी घंटा घणघणते. इ म्हणताना जीभ पुढे आणि वर जाते, तोंडातली पुढची पोकळी लहान होते आणि स्वर बारीक लागतो. लहान वस्तूचा आवाजही बारीकच असतो. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने १९२९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ‘मिल’ आणि ‘मल’ हे दोन बनावट शब्द. दोन्हींचा अर्थ टेबल, पण एक लहान आणि एक मोठं, तर कुठला शब्द कुठल्या टेबलाचा? बहुतेकांनी ‘मल’ मोठं ठरवलं. मराठी माणसाला हे सांगण्यासाठी प्रयोगाची गरज नाही, आपल्या भाषेत ते रोज चालू असतं.

किरकिर, करकर, कुरकुर हे त्रिकूट ऐका. रातकिडे किरकिरतात. नवे कोरे बूट करकर वाजतात. जुना झोपाळा किंवा गंजलेली बिजागरी कुरकुरते. तिन्ही आवाज घासण्याचेच आहेत, व्यंजनं तीच आहेत. इ ने तो बारीक आणि टोचणारा झाला, अ ने कोरडा आणि उघडा झाला, उ ने दबलेला, तक्रारीचा झाला. माणूस कुरकुरतो तेव्हा तो मोठ्याने भांडत नाही, आतल्या आत धुमसतो. मूल किरकिरतं तेव्हा कान टोचतात. शब्दांनी आपापला स्वभाव माणसांकडे नेताना सोडलेला नाही.

व्यंजनांतही असाच चढ आहे. नखाने दारावर टकटक होते, काठीने ठकठक. तळहाताने थपथप होतं, जड पावलांनी धपधप. ट पेक्षा ठ ला जास्त हवा लागते, थ पेक्षा ध ला घसा जास्त लागतो, तेवढा आघात वाढतो. हे सगळे कल आहेत, पक्के नियम नव्हेत. पण दोन शब्दांमध्ये अडलात तर दोन्ही मोठ्याने म्हणावेत आणि वस्तू डोळ्यांसमोर आणावी. बहुधा उत्तर मिळतं.

तिसरा प्रश्न किती वेळा हा. इथे मराठीचं व्याकरण कामाला येतं, आणि खरी श्रीमंती इथेच आहे. एक ‘कड’ घ्या. फांदी एकदा मोडली तर ‘काडकन’. मोडणं चालू राहिलं तर ‘कडकड’. एकामागून एक फांद्या मोडल्या तर ‘कडाकड’. आवाज सगळीकडे भरला तर ‘कडकडाट’. वीज एकदम कोसळली तर ‘कडाडली’. आणि आवाज गळून नुसता जोर उरला की कडकडीत ऊन, कडकडून भूक, कडकडून मिठी.

पहिल्या रूपाकडे जरा नीट बघा. चालू आवाज ‘कडकड’ आहे, पण एकदाच झाला तर ‘कडकन’ न म्हणता आपण स्वर ताणून ‘काडकन’ म्हणतो. धडधड पण धाडकन, खडखड पण खाडकन. जो आवाज एकदाच होतो तो पूर्ण वजनाने होतो, म्हणून स्वर लांब. उलट पटपट-पटकन, चटचट-चटकन, झटझट-झटकन यांत स्वर ताणला जात नाही, कारण ते हलके आहेत. इतके हलके की त्यांतला आवाज कधीच उडून गेला आणि फक्त वेग उरला. ‘तो पटकन उठला’ यात कुणाला काही ऐकू येत नाही. ‘तो ताडकन उठला’ यातही प्रत्यक्ष आवाज नाही, पण त्याचा ताठ झालेला कणा दिसतो. लिहिताना हा फरक पैसे वाचवतो, म्हणजे विशेषणं वाचवतो.

‘कन’ला भावंडंही आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा शब्दांपुढे कन, कर, दिनी, दिशी असे प्रत्यय एका ओळीत मांडलेले सापडतात. त्यांतलं ‘कर’ आता जवळजवळ गेलं. ‘दिशी’ बोलण्यात चांगलं टिकून आहे: फाडदिशी, धाडदिशी. संवादात मी पुष्कळदा ‘कन’ऐवजी ‘दिशी’ घालते. पात्र लगेच लेखी भाषेतून खाली उतरतं. निवेदनात मात्र ते जरा ठसठशीत होतं, तिथे ‘कन’ बरा.

आणखी एक रूप म्हणजे दोन्हीकडे आ: घटाघटा पाणी पिणं, टराटरा कागद फाडणं, कराकरा दात खाणं, चराचरा कापणं, ढसाढसा रडणं. यात आवाजापेक्षा करणाऱ्याची अनिवार घाई किंवा आवेग असतो. माणूस कागद टराटरा फाडतो तो संतापाने. नको असलेला कागद शांतपणे फाडला तर नुसतं ‘टर्र’.

‘आट’चा प्रत्यय लोक सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत चुकीचा वापरतात. ‘आट’ लागला की आवाज जागा भरून टाकतो. एका नाण्याचा छनछनाट होत नाही. एका चिमणीचा किलबिलाट होत नाही, ती चिवचिवते. सभागृह भरलेलं असेल तर टाळ्यांचा कडकडाट. पाच-सहा जणांनी वाजवल्या तर त्या टाळ्याच. बातम्यांमध्ये मात्र कुठल्याही टाळ्या पडल्या की कडकडाट झालाच म्हणून समजावं.

जरा जुन्याकडे जाते, कारण ‘हे शब्द बालिश आहेत’ ही समजूत त्याने कमी होईल. पाणिनीने या शब्दांसाठी अष्टाध्यायीत वेगळं सूत्र दिलं आहे (५.४.५७) आणि अशा आवाजाला तो ‘अव्यक्त’ म्हणतो, म्हणजे ज्यात अक्षरं वेगळी कळत नाहीत असा. टीकाकारांचं ठरलेलं उदाहरण आहे ‘पटपटाकरोति’. त्याआधी निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात यास्काने ‘काक’ हा शब्द आवाजाच्या नकलेवरून आला, पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं, असं म्हटलंय. आणि लगोलग औपमन्यव या दुसऱ्या आचार्याचं उलट मतही नोंदवलंय की नक्कल वगैरे काही नसते. म्हणजे हा वाद कावळ्याइतकाच जुना! पुढे भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी १९६९ च्या एका लेखात दाखवलं की दुहेरी ध्वनिशब्दांची ही रीत आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांतल्या भारतीय भाषांमध्ये सामाईक आहे. मराठी तर कन्नड-तेलुगूच्या शेजारीच नांदलेली. मोठ्या महाराष्ट्र शब्दकोशात अशा शब्दांच्या व्युत्पत्तीच्या जागी बहुधा नुसतं ‘ध्व.’ असतं, म्हणजे आवाजावरून आलेला. कोशकाराने हात टेकले असं नव्हे, ती खरोखरच त्यांची पूर्ण व्युत्पत्ती आहे.

नक्कल म्हटली तरी ती आपल्या भाषेच्या कानाने केलेली नक्कल असते. पावशा नावाचा पक्षी पावसाच्या तोंडावर ओरडतो. मराठी माणसाला तो ‘पेर्ते व्हा’ म्हणताना ऐकू येतो, हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’, आणि इंग्रजांनी त्याला ‘ब्रेन-फीव्हर’ पक्षी म्हटलं. पक्ष्याने तीनच स्वर काढले, प्रत्येकाने त्यात आपली तीन अक्षरं बसवली. म्हणून इंग्रजी चित्रकथेतलं ‘बूम’, ‘बँग’, ‘स्प्लॅश’ जसंच्या तसं आणलं की ते मराठी वाक्यात परकं राहतं. बंदूक आपल्याकडे ‘ठो’ करते. पाण्यात दगड ‘डुबकन’ पडतो, माणूस ‘धबकन’ पडतो.

पाण्याकडे थोडं थांबायला हवं, कारण लिहिणाऱ्यांची फसगत इथे फार होते. गळक्या नळाचा थेंब फरशीवर पडतो तेव्हा ‘टप्’ होतं. तोच थेंब भरलेल्या बादलीत पडला तर ‘टप्’ होत नाही, ‘टुबुक’ किंवा ‘डुबुक’ होतं. का? २०१८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्याखालचा मायक्रोफोन लावून हे तपासलं. थेंब पाण्यावर आपटण्याचा आवाज जवळजवळ नसतोच. थेंबाने केलेल्या खळग्याखाली हवेचा एक इवलासा बुडबुडा अडकतो, तो थरथरतो, आणि आपण ऐकतो तो त्याचा नाद. असा बुडबुडा किती उंच स्वरात वाजेल याचं गणित मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्येच मांडलं होतं: एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण तीन हजार वेळा थरथरतो, बुडबुडा मोठा झाला की स्वर खाली येतो. आता ‘डुबुक’ म्हणताना ओठांकडे लक्ष द्या. गोल होतात, मिटतात, पुन्हा गोल होऊन सुटतात. बुडबुड, गुडगुड, डुबुक, या सगळ्यांत तो उ आणि ती कोंडलेली हवा आहे. ‘टप्’मध्ये नाही, कारण फरशीवर बुडबुडाच नाही.

म्हणून ‘नळ टपटपत होता’ आणि ‘नळाचं पाणी डुबुक डुबुक पडत होतं’ ही दोन वाक्यं दोन वेगळ्या मोऱ्या दाखवतात: एक कोरडी, एक भरलेल्या बादलीची. वाचकाला बादली सांगावी लागत नाही. पावसाचं असंच: भुरभुर, रिमझिम, टपोऱ्या थेंबांची टपटप, पत्र्यावरची तडतड, आणि मग धो धो. पत्रा सांगायचा असेल तर ‘तडतड’ लिहावं, छप्पर आपोआप पत्र्याचं होतं.

माणसाच्या तोंडातून निघणाऱ्या आवाजांना वेगळं जपावं लागतं, कारण तिथे शब्दात लेखकाचं मत शिरतं. दोघी बोलत होत्या. त्या कुजबुजत होत्या असं लिहिलंत तर काही लपवायचं आहे. बडबडत होत्या तर निरर्थक पण निरुपद्रवी. वटवट करत होत्या म्हणालात तर तुम्हाला त्या आवडत नाहीत, हे वाचकाला कळलं. कटकट, कचकच, किटकिट, ट आणि च आले की ऐकणारा वैतागलेला असतो. पुटपुटणारा माणूस ओठांच्या बाहेर जात नाही; तणतणणारा घरभर फिरतो. हसण्यातही तसंच. मूल खुदकन हसतं, टवाळ फिदीफिदी हसतात, मोकळा माणूस खळखळून हसतो (पुन्हा तो ळ, वाहणारा), आणि खदाखदा हसणाऱ्याबद्दल आपलं मत फारसं चांगलं नसतं. पडद्यावरच्या कंसात मी ‘वटवट’ कधी लिहीत नाही. प्रेक्षकाने काय मत करावं हे तिथे मी ठरवायचं नसतं. गोष्टीत मात्र हाच शब्द सोन्यासारखा, जर तो पात्राच्या कानाने ऐकलेला असेल.

शांतताही मराठीत आवाजाने लिहितात, ही गंमत आहे. ‘शुकशुक’ म्हणजे कुणाला हळूच बोलावणं. ‘शुकशुकाट’ म्हणजे बोलवायलाही कुणी नसणं. ‘किर्र’ हा रातकिड्यांचा आवाज, पण ‘किर्र रात्र’ म्हटलं की अंधार दाट होतो. रिकाम्या डब्यात ‘खडखडाट’ असतो. आणि ‘खुट्ट’ हा शब्द तर फक्त शांततेतच वापरता येतो. गर्दीत कधी खुट्ट होत नाही.

दुखण्याचे शब्दही याच जातीचे आहेत, तिथे आवाज नसतो, ठेका असतो. ठणकतं ते घणाचे घाव पडल्यासारखं, ठसठसतं ते नाडीबरोबर, चुरचुरतं ते वरवर आणि सलग. डॉक्टरला ‘दुखतंय’पेक्षा यातला नेमका शब्द सांगितला तर त्याचं काम हलकं होतं.

आता प्रत्यक्ष लिहिताना. हा परिच्छेद घ्या:

‘रात्री उशिरा दाराचा आवाज आला. कुणीतरी आत आलं. अंधारात भांड्याचा मोठा आवाज झाला. मग सगळं शांत झालं.’

यात प्रत्येक आवाजाला नुसतं ध्वन्यनुकारी शेपूट लावलं तर असं होईल: ‘दार कुर्र कुर्र असा आवाज करत उघडलं. पावलांचा धप धप आवाज आला. भांडं ठण ठण असा आवाज करत पडलं.’ हेच बालिश वाटतं, आणि दोष शब्दांचा नाही, ‘असा आवाज’ या जोडणीचा आहे. नकला करून दाखवल्यासारखं होतं. मी असं लिहीन:

‘मध्यरात्री कुठेतरी खुट्ट झालं. बिजागरी कुरकुरली, अर्ध्यातच थांबली. मग पाय कशाला तरी लागला आणि पेला ठणकन आपटून घरंगळत भिंतीपर्यंत गेला. कुणी हललं नाही.’

इथे पावलांना आवाज दिलेलाच नाही. चोरपावलांनी येणाऱ्याच्या पावलांना तो द्यायचा कशाला? बिजागरी अर्ध्यात थांबली, यात उघडणाऱ्याची भीती आली. पेला ‘ठणकन’ म्हणजे धातूचा, तो काचेचा असता तर ‘खळ्ळकन’ झालं असतं आणि गोष्ट वेगळी झाली असती. घरंगळण्यात पेल्याचा गोलपणा आणि खोलीचा रिकामेपणा येतो. ‘सगळं शांत झालं’ कापलं. सरळ क्रियापद घ्यावं: कुरकुरली, खडखडलं, धडधडतंय. मराठीत कर्ता नसला तरी चालतं: खुट्ट झालं, गडगडलं, काळजात धस्स झालं. ही सोय वापरावी. आणि ‘वाजणे’ला विसरू नये. ‘कडी वाजली’ हे सगळ्या ध्वनिशब्दांपेक्षा कितीतरी वेळा पुरतं. एका परिच्छेदात एखादा ध्वनिशब्द खणखणीत बसतो, चार बसवले तर एकमेकांना बुडवतात. लहान मुलांच्या पुस्तकाला मात्र हे लागू नाही, तिथे शब्द मोठ्याने म्हणण्यासाठीच असतात, खुशाल उधळावेत.

लेखनाबद्दल लोक विचारतात म्हणून: सुटा आवाज असेल तर पाय मोडावा, खट्, ठण्, नाहीतर वाचणारा ‘खट’ला लांबवतो. ‘कन’ आता पाय न मोडता लिहितात: धाडकन, पटकन. हळूहळूसारखे पुनरुक्त शब्द दीर्घ उकाराने लिहायचे, पण नादानुकारी असतील तर उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व: रुणुझुणु, दुडुदुडु, लुटुलुटु. आपले लेखननियम ही सवलत स्वच्छ शब्दांत देतात. ण आणि न यांतही गफलत नको. पैंजण छुनछुन वाजतील, पण नाणं खणखणतं, ‘खनखनत’ नाही.

राहिले नवे आवाज. जुन्यांची नावं तर वस्तूंनाच चिकटली: फटफट करणारी ती फटफटी, खुळखुळणारा तो खुळखुळा. फ्रिज, पंखा, लिफ्ट यांना ‘घरघर’ चालते, पण पंख्याचं एक पातं वाकलं असेल तर ‘खटखट’ लिहा, बिघाड लगेच कळतो. मुका ठेवलेला फोन टेबलावर असेल तर ‘गुर्र’ करत सरकतो, उशीखाली असेल तर नुसता ‘घूं’. कंसात मी बहुतेकदा ‘टेबलावर फोन गुरगुरतो’ एवढंच देते. कळफलकाला टकटक, जुन्या टाइपरायटरला खडखड, प्रिंटरला खरखर. ‘बीप’, ‘टिंग’, ‘क्लिक’ मी तसेच ठेवते. त्यांना मराठी जोड शोधत बसू नये. यंत्राबरोबर ते आले, सगळ्यांना कळतात आणि ‘बीप’मधला तो लांब ई पुरेसा टोचतो.